खुराड्याबाहेर झोपणाऱ्या चौदा तलंगा: एका प्रकरणाचा अभ्यास

नऊ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, त्यांच्यासाठी मुद्दाम बांधलेलं प्रशस्त खुराडं, आणि तरी रोज तिन्हीसांजेला सगळ्या बाहेर. बहुतेक जणी घराच्या भिंतीशी, बाहेरच्या दिव्याखाली, एकमेकींच्या अंगावर चढून ढीग करून बसायच्या. तीन जणी खुराड्याच्या छपरावर, एक कुंपणाजवळच्या झाडावर. पाळणारे काका निवृत्त शिक्षक, चिकाटीचा माणूस. अंधार पडला की बॅटरी घेऊन निघायचे आणि एकेक पक्षी उचलून आत ठेवायचे. तीन आठवडे हे असं चाललं होतं. एका संध्याकाळी त्यांना यायला उशीर झाला, तर ढिगाच्या तळाशी एक तलंग चेंगरून मेलेली सापडली. पंधराच्या चौदा झाल्या, तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"ताई, यांना आठवण राहत नाही का हो? रोज उचलून ठेवतो, रोज आतच झोपतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीशी!"

आठवण चांगली राहते. पण आठवण कशाची राहणार, हे पाहायला हवं. अंधारात उचललेली कोंबडी स्वतः चालत काही गेलेली नसते, तिने दार पाहिलेलं नसतं, झोपायच्या दांडीवर उडी मारलेली नसते. ती अर्धवट झोपेत एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचते. सकाळी दार उघडलं की चालत बाहेर पडते, ते मात्र तिला पक्कं समजतं. म्हणजे तीन आठवड्यांत त्या तलंगा खुराड्यातून बाहेर पडायला उत्तम शिकल्या होत्या. आत जायचं कसं, हे शिकायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

आधी नुसतं बघणं

कुठलाही बदल सुचवण्याआधी मी एक संध्याकाळ तिथे नुसती बसून राहिले. काकांनाही म्हटलं, आज काहीच करू नका, दाणा नाही, हाका नाहीत. अशा वेळी घाईने काहीतरी करून टाकावंसं वाटतं, पण कोंबड्या कुठे अडतात हे पाहिल्याशिवाय केलेला बदल अंदाजपंचे ठरतो.

सूर्य मावळायच्या साधारण पाऊण तास आधी तलंगा चरणं सोडून खुराड्याच्या आसपास जमायला लागल्या. हे महत्त्वाचं. त्यांना आत जायचं नव्हतं असं नाही, पाय तिकडेच वळत होते. तेवढ्यात कळपातल्या दोन जुन्या कोंबड्या ऐटीत फळीवरून वर चढल्या आणि आत गेल्या. त्यांच्या मागे एक तांबूस तलंग उंबऱ्यापर्यंत गेली. मान पुढे लांबवली, डोकं तिरकं करून एका डोळ्याने आत पाहिलं, मग दुसऱ्याने. आतून चोच मारल्याचा आवाज आला आणि ती दोन पावलं मागे सरली. फळीवर मागून आलेल्या दोघी तिच्यावर आदळल्या, पाय घसरून तिघीही खाली. त्या पुन्हा चढल्या नाहीत. लांब उभ्या राहून वाट पाहत राहिल्या.

वाट पाहता पाहता उजेड गेला. खुराड्याचं दार पूर्वेला, त्यामुळे संध्याकाळचा उजेड त्या बाजूला आधीच कमी. एकुलती खिडकी पावसासाठी म्हणून फळी ठोकून बंद केलेली. बाहेर अजून मला घड्याळ वाचता येत होतं तेव्हा दारातून आत पाहिलं, तर नुसता काळोख. कोंबडीच्या डोळ्याच्या पडद्यात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी भरपूर असतात, अंधुक उजेडात कामाला येणाऱ्या दंडपेशी त्या मानाने कमी. दिवसा तिला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, अतिनील किरणंसुद्धा दिसतात, पण कातरवेळी तिची दृष्टी आपल्या आधी हार मानते. जिथे पाऊल टाकायचं ते दिसत नसेल तर कोणती कोंबडी उडी मारेल?

मग कोणीतरी घराबाहेरचा दिवा लावला आणि उरलेल्या सगळ्या तलंगा सरळ त्याच्याखाली गेल्या.

इथे मला यांच्या लहानपणाची आठवण झाली. ही पिल्लं कोंबडीखाली वाढलेली नव्हती. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या बंदिस्त जागेत, बल्बच्या उबेत, रात्रंदिवस उजेडात वाढलेली. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी, पाचव्या-सहाव्या आठवड्याला पिसं भरली की ऊब बंद. हे सगळं काकांनी अगदी नीट केलं होतं. पण बल्ब सतत चालू असल्यामुळे या पिल्लांनी संध्याकाळ कधी पाहिलीच नव्हती. झोप म्हणजे दिव्याखाली, जमिनीवर, एकमेकींना चिकटून. भिंतीजवळचा तो दिवा आणि दिवसभर तापलेली फरशी म्हणजे त्यांच्या लेखी मोठा ब्रूडरच होता.

आईखाली वाढलेल्या पिल्लांचं वेगळं असतं. पहिले काही आठवडे कोंबडी त्यांना पंखाखाली घेऊन जमिनीवर बसते. पुढे एक दिवस ती संध्याकाळी वर दांडीवर किंवा फांदीवर जाऊन बसते, खाली पिल्लं चिवचिवाट करतात आणि मग एकेक करून उड्या मारत तिच्यापाशी पोहोचतात. पाळीव कोंबडीचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा रात्र झाडावरच काढतो. उंच बसायची ओढ प्रत्येक पिल्लात जन्मजात असते, पण उंचीचा अंदाज घेणं, उडी मारणं, उतरणं हे सरावाने येतं. दोन-तीन आठवड्यांची पिल्लं चार बोटं उंचीच्या काठीवर चढायला लागतात. पहिल्या महिन्यात अशी काठी मिळाली नाही तर पुढे उंच जागी चढण्यात ती मागे पडतात, हे प्रयोगांतूनही दिसलं आहे. काकांच्या ब्रूडरमध्ये काठी नव्हती.

मोजमाप

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन खुराडं मोजलं. आत १८० सेंटिमीटर लांबीचा एकच लोखंडी पाइप, जमिनीपासून १२० सेंटिमीटर उंच, मध्ये पायरी नाही. पूर्ण वाढलेल्या कोंबडीला दांडीवर साधारण २० सेंटिमीटर जागा धरावी. म्हणजे नऊ कोंबड्यांची जागा, आणि पक्षी सोळा. तलंगा लहान म्हणून १५ सेंटिमीटर धरले तरी गणित बसत नाही. त्यातून दोन्ही म्हाताऱ्या मधोमध बसायच्या, म्हणजे उरलेली जागाही तुटक. शिवाय गोल गुळगुळीत धातूवर पंजा घसरतो, हाताला नुसता लावून पाहिला तरी कळतं.

खुराडं ६० सेंटिमीटर उंच खांबांवर उभं होतं आणि दाराला लावलेली फळी होती ७० सेंटिमीटरची. हा चढ जवळजवळ ६० अंशांचा होतो. ४५ अंशांच्या वरचा चढ-उतार कोंबडीला अवघड जातो, त्यात ही फळी रंधा मारलेली.

खुराड्यात किडे आहेत का, हेही पाहणं भाग होतं. लाल माइट नावाचे बारीक किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. ते झाले की कोंबड्या आत जायचंच टाळतात, आणि मग दिवा, दाणा, दांडी, कशाचाही उपयोग होत नाही. पाइपच्या टोकांशी आणि सांध्यांत पांढरा कागद घासून पाहिला. किडा असता तर लाल डाग उमटला असता. कागद स्वच्छ निघाला. वासही पाहिला, खाली वाकून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर. डोळे चुरचुरतील इतका अमोनिया असेल तर पक्ष्यांना तो आपल्या आधी त्रास देतो. इथे भुसा कोरडा होता, हवा बरी होती.

म्हणजे हट्टीपणा कुठेच नव्हता. म्हाताऱ्यांची भीती म्हणून तलंगा थांबायच्या, थांबल्या की अंधार व्हायचा, अंधार झाला की चढ आणि दांडी दोन्ही दिसेनाशी व्हायची, आणि तेवढ्यात लहानपणापासून ओळखीचा उजेड भिंतीशी लागायचा. या साखळीतली एकच कडी तोडून भागलं नसतं, असं माझं मत पडलं, म्हणून आम्ही सगळं एकदम बदललं. कोणत्या बदलाचा किती वाटा, हे त्यामुळे काटेकोर सांगता येत नाही. पण एक पक्षी गेलेला असताना एकेक बदल करून बघत बसणं मला पटलं नसतं.

काय काय केलं

पाइप काढला. दोन्ही लांब बाजूंना २२० सेंटिमीटरच्या दोन लाकडी दांड्या बसवल्या, पाच सेंटिमीटर रुंद, वरून सपाट, कडा घासून गोल केलेल्या, भिंतीपासून ३० सेंटिमीटर सोडून. दोन्ही एकाच उंचीवर, ७५ सेंटिमीटर. उंची मुद्दाम सारखी ठेवली. एक दांडी वर आणि एक खाली असली की कळपातल्या वरचढ कोंबड्या वरची धरतात आणि रोज संध्याकाळी तिच्यासाठी मारामारी होते. खाली ३५ सेंटिमीटरवर पायरीसारखी एक आडवी काठी. फळी दीड मीटरची केली, म्हणजे चढ २४ अंशांच्या आसपास आला, आणि तिच्यावर वीतभर अंतराने पट्ट्या ठोकल्या. खिडकीची फळी काढून तिथे बारीक जाळी लावली. मोठ्या भोकांच्या जाळीचा भरवसा नको, मुंगूस किंवा उंदीर शिरायला फार जागा लागत नाही. अंडी घालायची खोकी फळीने बंद केली, कारण तरुण पक्ष्याला एकदा खोक्यात झोपायची सवय लागली की ती मोडताना नाकी नऊ येतात.

मग चौदाही तलंगा आठवडाभर आतच ठेवल्या. खुराड्याच्या दाराला लागून जाळीचा एक लहान बंदिस्त आवार केला आणि दिवसा तेवढंच मोकळं. नुसतं चार भिंतींत कोंडून ठेवणं हवामान गरम असेल तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आवार हवाच, आणि पाणी दोन ठिकाणी. जुन्या दोघींना याच काळात आतच जाळीची आडभिंत घालून पलीकडे ठेवलं. दिसत होत्या, चोच लागत नव्हती.

खरी शिकवणी रोज संध्याकाळच्या तासाभराची. सूर्य मावळायच्या सुमारे ४० मिनिटं आधी आत दांडीच्या वर एक लहान पिवळसर बल्ब लावायचा. घराबाहेरचा दिवा बंद. मग पत्र्याच्या डब्यावर तीनदा टकटक, आणि दिवसाचा शेवटचा दाणा आत, भुशावर पसरून. हा आवाज दिवसात इतर कधीही करायचा नाही, हे काकांना मी बजावून सांगितलं. घरातल्या नातवाला डबा वाजवायची हौस होती, त्यालाच हे काम दिलं आणि वेळ त्याने कधी चुकवली नाही. दिवसभर चरून आलेल्या कोंबडीलाही रात्रीसाठी गळ्यातली पिशवी भरून घ्यायची असते, त्यामुळे शेवटच्या दाण्याला ती सहसा नाही म्हणत नाही. दिवसाचं खाणं तोडून उपाशी ठेवायची गरज नाही, थोडं कमी केलं की पुरतं.

दाणा टिपून झाला की त्या वर पाहायला लागायच्या. पहिल्या उडीआधी तलंग काय करते ते जवळून बघण्यासारखं असतं. दांडीसमोर उभी राहून डोकं वर-खाली, वर-खाली हलवते, अंतर मोजते, गुडघे वाकवते, पुन्हा उभी राहते, जागा बदलते, पुन्हा मोजते. यात मिनिट मिनिट जातं. या मिनिटाला उजेड लागतो. म्हणून बल्ब टायमरवर टाकून ठराविक वेळी फटकन बंद होऊ द्यायचा नाही, निदान सुरुवातीला तरी. शेवटची वर बसेपर्यंत काका दाराशी थांबायचे आणि मग हाताने बंद करायचे. मध्येच काळोख झाला तर खाली राहिलेली जागच्या जागी गोठते आणि पुन्हा कोपऱ्यात ढीग.

हाकलायचं नाही, हा एक नियम मी अगदी ताणून धरला. हातात काठी घेऊन, शुक शुक करत कोंबड्या कोंडणं सगळीकडे चालतं, आणि अडचणीच्या वेळी तेही करावं लागतं. पण शिकायच्या दिवसांत पाठलाग झाला की खुराडं आणि भीती यांची गाठ पडते. जी बाहेर राहील तिला पूर्ण अंधार होऊ द्यायचा. अंधारात मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन पाझरतं, पक्षी सुस्तावतो, धडपड करत नाही. तेव्हा दोन्ही हातांनी पंख मिटलेले धरून उचलायची आणि जमिनीवर न ठेवता थेट दांडीवर, इतरांच्या शेजारी बसवायची. बॅटरीचा झोत तोंडावर नको, अगदी मंद उजेड पुरे. लाल दिवा कोंबडीला दिसत नाही असं काही जण सांगतात. तसं नाही, लाल तिला चांगला दिसतो.

उचलणं पूर्ण वाया जातं, असं माझं म्हणणं नाही. सकाळी ती दांडीवर, मैत्रिणींच्या रांगेत जागी होते, याचा उपयोग आहे. पण बाहेरची झोपायची जागा जशीच्या तशी मोकळी असेल, तर नुसत्या उचलण्यावर तो पक्षी महिनोन्‌महिने ढिम्म राहू शकतो.

दार उघडल्यावर

आठवड्यानंतर पहिल्यांदा मोठ्या अंगणात सोडल्या, तेही दुपार कलल्यावर, म्हणजे लांब भटकायला वेळच नको. त्या संध्याकाळी डबा वाजला तेव्हा नऊ जणी धावत आत गेल्या. एक तलंग तासभर दारात घुटमळून शेवटी गेली. तीन छपरावर, एक झाडावर.

छपरावरच्या तिघींचा प्रश्न सरळ होता. त्यांना उंची हवी होती, आणि आवारातली सगळ्यात उंच, शेवटपर्यंत उजेड असलेली सपाट जागा म्हणजे ते छप्पर. काकांनी छपराच्या कडेने तिरपी जाळी बांधली, पंजाला टेकायला जागा राहिली नाही. पहिल्या संध्याकाळी तिघी जाळीवर आपटून खाली आल्या, बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या, एक आत गेली, दोघींना उचलावं लागलं. काही दिवसांत तिघी आत.

झाडावरचीने मात्र बराच विचार करायला लावला. कळपातली सगळ्यात लहान, तुऱ्याची फिकट, मानेवरची दोन-तीन पिसं उपटलेली. खालची फांदी छाटली तर ती कुंपणावर बसायला लागली. तिला उंचीचं वेड नव्हतं. नीट पाहिलं तर ती डब्याच्या आवाजाला येत होती, फळीवर चढत होती, आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या दोन धिप्पाड तलंगा तिला टोचून परत पाठवत होत्या. जुन्या कोंबड्यांची जागा आता या दोघींनी घेतली होती. कळपातली चोचीची उतरंड, म्हणजे कोण कोणाला टोचणार याचा क्रम, नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडली, आणि ती सगळ्यात कडक पाळली जाते ती अरुंद दारात. यावर उपाय एकच, दुसरं दार. खुराड्याच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीच्या अंगाला, एक लहान भोक आणि त्याला वेगळी फळी. दोन धिप्पाड तलंगा दोन्ही दारं एका वेळी अडवू शकत नाहीत. ती त्या मागच्या दाराने जायला लागली आणि पुढे तेच तिचं दार झालं. कळपात एकच कुणीतरी बाहेर राहत असेल, तर तिला हट्टी ठरवण्याआधी दारात कोण उभं असतं ते बघावं.

हळूहळू आतल्या बल्बची वेळ कमी करत आणली आणि शेवटी तो काढला. घडी बसल्यानंतर एका संध्याकाळी पाहुणे आले म्हणून बाहेरचा दिवा लागला, तर चार जणी पुन्हा भिंतीशी जाऊन बसल्या. दिवा बंद केला, आतला बल्ब लावला, डबा वाजवला, तशा निघून आत गेल्या. नवी सवय जुनी पुसून टाकत नाही, जुनी खाली तशीच असते. आता त्या दिव्याचं तोंड खुराड्यापासून फिरवून घेतलं आहे.

काकांना दोन गोष्टी सांगून ठेवल्या. पुढे कधी हाच कळप, नीट आत जाणारा, एकाएकी दाराशी अडायला लागला, तर दोष पक्ष्यांत शोधू नका. फटींत कागद घासा, भुसा उकरून बघा, रात्री साप किंवा उंदीर येतो का बघा, छत गळतं का बघा. लाल माइट उबदार हवेत आठवड्याभरात पिढी वाढवते आणि रक्ताशिवाय कित्येक महिने फटींत जिवंत राहते, त्यामुळे नुसतं खुराडं रिकामं ठेवून ती जात नाही. आणि आपोआप बंद होणारं दार बसवायचं असेल तर बसवा, पण निदान पहिले काही आठवडे बंद झाल्यावर डोकी मोजा. ते दार उशिरा येणारीसाठी थांबत नाही, आणि उशिरा येणारी नेमकी उतरंडीतली सगळ्यात खालची असते.

तलंगा विसाव्या आठवड्याच्या आसपास अंड्यावर आल्या तेव्हा खोक्यांची फळी काढली, आणि दोघींनी लगेच तिथेच झोपायला सुरुवात केली. खोक्यात शीट साठते, अंडी बरबटतात. तेव्हापासून काका दुपार उलटली, अंडी घालून झाली, की फळी लावतात आणि झुंजुमुंजू व्हायच्या आत काढतात. एकीने ऐकलं. दुसरी अजून फळीच्या काठावर बसायची खटपट करते, तिच्यासाठी खोक्यांचं झाकण आता तिरपं करून घेणार आहोत.